'लॉरेन्स ऑफ अरेबिया' : घरगुती पडद्यावरील पुनर्भेट

डेव्हिड लीन दिग्दर्शित 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' हा चित्रपट डिसेंबर १९६२ मध्ये लंडन येथे प्रथम प्रदर्शित झाला. पहिल्या महायुद्धात तुर्की सत्तेविरुद्ध अरबांनी केलेल्या उठावात सहभागी झालेल्या टी. ई. लॉरेन्स या ब्रिटिश अधिकाऱ्याची ही कथा साहसपटांच्या परंपरेत मानदंड मानली जाते. ७० मि.मी.च्या भव्य पडद्यासाठी घडविलेली ही कलाकृती आज बहुतेक प्रेक्षक आणि अभ्यासक मात्र घरातच पाहतात. या स्थित्यंतरात काय हरवते आणि काय नव्याने हाती लागते, याचा विचार आवश्यक ठरतो.

हरवते ते प्रथम वाळवंट. विहिरीपाशी शरीफ अलीचे आगमन होते, तेव्हा मृगजळातून एक काळा ठिपका हळूहळू उंटस्वाराचे रूप घेतो. छायालेखक फ्रेडी यंग यांच्या या दृश्यातील भय क्षितिजाच्या विस्तारावर अवलंबून आहे. मूळ चौकटीचे प्रमाण २.२० : १ होते. व्हिडिओ कॅसेटच्या काळात जुन्या दूरचित्रवाणी संचासाठी तिच्या कडा छाटल्या जात, तेव्हा सुमारे ४० टक्के चित्र नाहीसे होई. डीव्हीडी व ब्लू-रे आवृत्त्यांनी चौकट परत दिली. आकार मात्र देता आला नाही.

दुसरा प्रश्न संहितेचा आहे. आरंभी सुमारे २२२ मिनिटांचा असलेला हा चित्रपट लवकरच सुमारे २० मिनिटांनी कमी करण्यात आला आणि पुढील पुनःप्रदर्शनाच्या वेळी १८७ मिनिटांवर आला. रॉबर्ट हॅरिस यांनी लीन यांच्या सहकार्याने १९८९ मध्ये त्याचे पुनरुज्जीवन केले. ध्वनी गहाळ झालेल्या प्रसंगांसाठी नटांनी संवाद पुन्हा म्हटले. दिवंगत जॅक हॉकिन्स यांच्यासाठी चार्ल्स ग्रे यांचा आवाज वापरला गेला. म्हणजे आज घरी पाहिली जाणारी 'मूळ' आवृत्तीही काही अंशी पुनर्रचितच होय.

तथापि, पुन्हा मागे जाऊन पाहण्याची सोय या चित्रपटाचा गाभा उघड करते. नफूद वाळवंटात मागे राहिलेल्या गासिमला लॉरेन्स वाचवून आणतो आणि विधिलिखित असे काही नसते, हे सिद्ध करतो. पुढे अकाबावरील हल्ल्याच्या पूर्वसंध्येला, टोळ्यांतील सूडचक्र थांबविण्यासाठी, त्याच गासिमला त्याला स्वतःच्या हाताने गोळी घालावी लागते. ॲलनबीसमोर तो या कृत्यात आनंद वाटल्याची कबुली देतो. चित्रपटगृहात युद्धाच्या धामधुमीत विखुरलेले हे तीन प्रसंग सलग पाहिले असता साहसकथेचे रूपांतर आत्मपरीक्षणात होते. आरंभीचा मोटारसायकलवरील मृत्यू, सुएझ कालव्यापलीकडून 'तू कोण' असे विचारणारा मोटारसायकलस्वार आणि अखेरीस लॉरेन्सच्या गाडीला मागे टाकून जाणारी मोटारसायकल, हेही एकाच प्रश्नाचे आवर्तन असल्याचे जाणवते.

हीच जवळीक चित्रपटाच्या मर्यादाही दाखविते. फैसलच्या भूमिकेतील ॲलेक गिनेस आणि औदाच्या भूमिकेतील अँथनी क्विन यांची रंगभूषा स्थिर चौकटीत लपत नाही. ज्याच्या जीवितावर आणि मृत्यूवर नायकाची नैतिक कसोटी उभी आहे, त्या गासिमला (ही भूमिका भारतीय अभिनेते आय. एस. जोहर यांनी केली आहे) स्वतःचे असे म्हणणे फारसे नाही. एकाही स्त्रीच्या वाट्याला संवाद नाही. भव्यतेने दिपलेल्या डोळ्यांना या उणिवा सहसा दिसत नाहीत.

म्हणून घरगुती पडद्याला केवळ दुय्यम साधन मानणे योग्य नाही. चित्रपटगृहात लॉरेन्सचे साहस अनुभवता येते, तर घरी त्या साहसाची किंमत मोजता येते. मात्र अभ्यासकाने कोणती आवृत्ती पाहिली, हे सांगणे अनिवार्य मानले पाहिजे. छाटलेल्या चौकटीवरून दिग्दर्शकाच्या दृष्टीविषयी काढलेला निष्कर्ष पाने गळालेल्या पोथीवरील भाष्याइतकाच अपुरा ठरेल.