सुभद्रा कुठे आहे?

चक्रव्यूहात एकटा सापडलेला अभिमन्यू कीर्तनांतून, आख्यानांतून आणि आजीच्या गोष्टींतून आपल्या इतक्या परिचयाचा झालेला आहे की, व्यूह भेदण्याची विद्या तो शिकला कुठे, याचा आपल्याला सहसा विसर पडतो. ती त्याने आईच्या पोटात असताना ऐकली. ऐकता ऐकता सुभद्रेला झोप लागली आणि विद्या अर्धी राहिली, असे कथा सांगते. म्हणजे त्या पराक्रमाचे मूळ गर्भात आणि त्या शोकांताचेही मूळ गर्भातच. पुढे मात्र कथा रणांगणावर जाते, महारथी येतात, शंख वाजतात. आणि सुभद्रा उरते ती केवळ शोक करण्यापुरती.

हे आठवायला कारण झाला तो तपन सिन्हा यांचा ‘एक डॉक्टर की मौत’ हा १९९० सालचा हिंदी चित्रपट. रमापद चौधुरी यांच्या ज्या बंगाली कादंबरीवर तो आधारलेला आहे, तिचे नावच मुळी ‘अभिमन्यू’ आहे. कादंबरीचा विचार येथे करावयाचा नाही. विचार करावयाचा आहे तो चित्रपटाचा, आणि ज्या सत्यकथेची सावली त्याच्यावर पडलेली आहे तिचा.

ती सत्यकथा प्रथम थोडक्यात सांगितली पाहिजे. कलकत्त्याचे डॉ. सुभाष मुखोपाध्याय हे शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक. स्त्रीच्या शरीरातील संप्रेरकांचा, म्हणजे हार्मोन्सचा, त्यांचा व्यासंग मोठा होता. शीतकरणाचे तज्ज्ञ सुनीत मुखर्जी आणि स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. सरोजकांती भट्टाचार्य या दोन सहकाऱ्यांसह त्यांनी एका निपुत्रिक दांपत्यासाठी प्रयत्न आरंभिले. त्या बाईंच्या बीजवाहक नलिका निकामी झाल्या होत्या. डॉक्टरांनी औषधाने एकाच वेळी अनेक स्त्रीबीजे परिपक्व केली, ती योनिमार्गाने बाहेर काढली, काचेच्या पात्रात त्यांचा शुक्राणूंशी संयोग घडविला, तयार झालेले गर्भ ५३ दिवस गोठवून ठेवले आणि पुढच्या एका अनुकूल पाळीत गर्भाशयात सोडले. औषधांचा मारा झालेल्या महिन्यात गर्भाशयाचे अस्तर गर्भ धरण्यास योग्य राहत नाही, तेव्हा थोडे थांबावे, हा त्यामागचा विचार. ३ ऑक्टोबर १९७८ या दिवशी मुलगी जन्मली. देवीच्या आगमनाचे दिवस होते. लोकांनी तिला ‘दुर्गा’ म्हटले. इंग्लंडमध्ये लुईझ ब्राउन जन्मली होती ती त्याच वर्षी २५ जुलैला, म्हणजे अवघ्या ७० दिवसांपूर्वी. गोठवलेल्या गर्भापासून मूल जन्माला आल्याची पुढची नोंद व्हायला १९८४ साल उजाडावे लागले, आणि तीही ऑस्ट्रेलियात.

आपल्याकडे मात्र सरकारने चौकशी समिती नेमली. समितीने दावा अमान्य केला. जपानमधून व्याख्यानाचे निमंत्रण आले, तर जाण्याची परवानगी मिळाली नाही. शेवटी संप्रेरकांच्या या अभ्यासकाची बदली करण्यात आली ती नेत्रविज्ञानाच्या संस्थेत! १९८१ साली, वयाच्या पन्नाशीत, त्यांनी आपले जीवन संपविले.

आता चित्रपटाकडे वळू. त्यातील डॉ. दीपंकर रॉय वर्षानुवर्षे खपून कुष्ठरोगावरील लस शोधून काढतो. बातमी फुटते, वरिष्ठांची माथी भडकतात, समव्यवसायी मत्सराने पेटतात, आणि त्याची बदली आडगावी होते. परदेशातून आलेला कागद त्याच्यापर्यंत पोहोचू दिला जात नाही. अखेर त्याच शोधाचे श्रेय दोघा अमेरिकन डॉक्टरांच्या पदरात पडते. पंकज कपूर यांनी हा डॉक्टर असा उभा केला आहे की, त्याचा चिडका, विसराळू, घरात कुणालाही नको नको करणारा स्वभावसुद्धा आपण प्रेमाने पत्करतो. शबाना आझमींची सीमा ही पत्नीची भूमिका तर अधिकच सूक्ष्म आहे. नवऱ्याच्या ध्यासापायी संसाराचे काय काय मागे पडते, ते ती फारसे बोलून दाखवीत नाही. ते आपल्याला तिच्या हालचालींत दिसते. दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार तपन सिन्हांना आणि परीक्षकांचा विशेष पुरस्कार पंकज कपूर यांना मिळाला, तो यथायोग्यच म्हटला पाहिजे. सरकारी कचेरीतले फायलींचे जग, साहेबांचे ते गोड बोलून अपमान करणे, हे सारे इतके अस्सल उतरले आहे की, नोकरी केलेल्या कुणाही प्रेक्षकाला आपली कचेरी आठवावी.

इतके गुण मान्य करूनही एक गोष्ट खटकते, आणि ती किरकोळ नव्हे. सत्यकथेच्या गाभ्यात गर्भ होता. चित्रपटाच्या गाभ्यात कुष्ठरोगाची लस आहे. मूल होणे न होणे आलेच तर कडेकडेने येते.

याचे समर्थन करता येणार नाही असे नाही. कलावंत म्हणजे बातमीदार नव्हे. घडलेल्या गोष्टीत त्याने बदल करू नयेत असे कोण म्हणेल? कुष्ठरोग हाही समाजाने दूर लोटलेला विषय आहे. शिवाय, घरातल्या सर्वांनी मिळून पाहावयाच्या चित्रपटात स्त्रीबीज, पाळी, गर्भाशय हे शब्द कसे उच्चारावेत, ही अडचण दिग्दर्शकाला वाटली असेल तर ती समजण्यासारखी आहे. पण आपल्या महाराष्ट्रात र. धों. कर्वे यांनी हेच शब्द १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात स्वच्छपणे छापले, आणि त्यांच्यावरील अमोल पालेकरांच्या ‘ध्यासपर्व’ने २००१ साली त्यांचा विषय विषय म्हणूनच पडद्यावर आणला. तेव्हा ही अडचण अनुल्लंघनीय होती असे मानवत नाही.

खरा प्रश्न सभ्यतेचा नाहीच. या बदलाने कलाकृतीचे काय झाले, हा आहे. लस खरी की खोटी हे पुन्हा पुन्हा तपासता येते. या रोग्याला नाही तर त्या रोग्याला टोचता येते. कलकत्त्याच्या डॉक्टरांच्या शोधाचा पुरावा तसा नव्हता. तो एका घरात पाळण्यात निजलेला होता. त्या पाळण्याभोवती आई होती, बाप होता, नातेवाईक होते, शेजारीपाजारी होते. आणि मातापित्यांना प्रसिद्धी नको होती. ती का नको असावी हे आपल्याला कुणी समजावून सांगायला हवे काय? मूल न होणाऱ्या स्त्रीसाठी आपल्या भाषेत ‘वांझ’ हा शब्द आहे; तशाच पुरुषासाठी बोलीत रुळलेला, तितकाच बोचणारा शब्द शोधून सापडत नाही. डोहाळजेवणाच्या पंक्तीला कुणाला बोलवावे आणि कुणाला वगळावे, ओटी कुणी भरावी आणि कुणी दुरून पाहावी, हे न लिहिता पाळले जाणारे नियम आपल्या घरांतून अजूनही पुरते गेलेले नाहीत. अशा समाजात ‘माझे मूल काचेच्या पात्रातले’ असे कोणती आई चव्हाट्यावर सांगेल?

म्हणजे डॉक्टरापुढे दोन कर्तव्ये उभी होती. विज्ञान म्हणत होते, पुरावा दाखव. रुग्णाने टाकलेला विश्वास म्हणत होता, झाकून ठेव. दोन्ही खरी, आणि दोन्ही एकाच माणसाने पाळावयाची! दुष्ट वरिष्ठ आणि सालस संशोधक यांच्या झगड्यात करुण रस आहे. पण दोन सत्कर्तव्यांच्या कात्रीत सापडलेल्या माणसाचे दुःख त्याहून पुष्कळ खोल असते. लस आणताच ती कात्री नाहीशी झाली. उरले ते महारथी आणि एकटा वीर. त्यांतले महारथी आपण ओळखतो, त्यांच्यावर संतापतो आणि घरी जातो. त्या मुलीच्या आईला गप्प बसवणाऱ्या आपणा सर्वांवर मात्र चित्रपटाचे बोट कधीच येत नाही.

या उणिवेचे माप घ्यायला दुसरी एक कलाकृती शेजारी ठेवून पाहावी. लुईझ ब्राउनच्या जन्मामागची हकीकत सांगणारा बेन टेलर दिग्दर्शित ‘जॉय’ हा इंग्रजी चित्रपट २०२४ साली आला. तेथेही विरोध आहेच. १९७१ साली ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन मंडळाने या कामाला पैसा नाकारला होता. परंतु या चित्रपटाने कथेचे केंद्र शास्त्रज्ञ एडवर्ड्स यांना किंवा शल्यविशारद स्टेप्टो यांना न देता जीन पर्डी या परिचारिकेला दिले आहे. पर्डी प्रयोगशाळेत गर्भ सांभाळणारी होती. तरी ओल्डहॅमच्या रुग्णालयावरील स्मृतिफलकावर तिचे नाव यायला २०१५ साल लागले, आणि तोवर तिला जाऊन तीस वर्षे झाली होती.

‘जॉय’ मोठी कलाकृती आहे असे मी म्हणणार नाही. तो गोड आहे, आणि जागोजागी डोळे पुसायला लावण्याची त्याला हौसच आहे. पण त्यात एक दालन आहे जे तपन सिन्हांच्या चित्रपटात नाही. तेथे प्रयोगासाठी आलेल्या बायका खाटांवर बसून एकमेकींशी बोलतात, हसतात, आपल्या टोळीला ‘ओव्हम क्लब’ असे गमतीचे नाव देतात. आपल्याला यश येईलच असे नाही, हे त्यांना माहीत आहे. इतिहासातला आकडा तर अंगावर काटा आणणारा आहे. १९६९ ते १९७८ या काळात २८२ स्त्रियांनी या कामासाठी आपले शरीर पुढे केले, आणि मूल लाभले ते फक्त दोघींना. म्हणजे २८० जणी रिकाम्या हाताने परत गेल्या. पुढे जगभर लक्षावधी पाळणे हलले ते या २८० जणींच्या रिकाम्या ओटीतून, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही. हे दालन दिसताच साराच प्रयोग निराळा दिसू लागतो. तो एका प्रतिभावंताचा पराक्रम न राहता अनेकींनी मिळून उचललेला भार होतो.

कलकत्त्याच्या कथेला तर याहून सुंदर उत्तरार्ध लाभलेला आहे, आणि त्याचा धागा मुंबईशी जुळतो. ६ ऑगस्ट १९८६ रोजी परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या प्रयत्नांनी एक मुलगी जन्मली, आणि भारतातील पहिले परीक्षानलिका-बालक म्हणून तिची नोंद झाली. पुढे आनंदकुमारांच्या हाती मुखोपाध्यायांची टिपणे आली. ती त्यांनी तपासली, आणि १९९७ साली ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात लिहून टाकले की, पहिलेपणाचा मान माझा नव्हे, त्यांचा. स्वतःच्या मस्तकावरचा मुकुट असा आपल्या हाताने उतरवून ठेवणारी माणसे विज्ञानातच काय, साहित्यातही विरळाच! आणि दुर्गाही मोठी झाल्यावर आपण होऊन लोकांसमोर आली. ज्या पुराव्याची समितीला वाट पाहता आली नाही, तो स्वतःच्या पायांनी चालत आला.

हे सारे १९९० नंतरचे. तेव्हा ते चित्रपटात नाही याबद्दल तपन सिन्हांना दोष देणे अन्यायाचे होईल. पण आज कुणी लेखक, नाटककार वा दिग्दर्शक या कथेला पुन्हा हात घालील, तर त्याच्यापुढे सामग्री केवढी आहे! खलनायकावाचून उभे राहील असे हे नाट्य आहे. त्यात डॉक्टर असावा, समितीही असावी. पण त्यात ती आईही असावी, जिने सुया सोसल्या, महिने मोजले, आणि मूल कुशीत आल्यावर तोंड मिटून घेतले. ती काय विचार करीत होती? आपल्या गप्प राहण्याची किंमत दुसरा कुणी मोजीत आहे, हे तिला कळले होते काय? कळले असते तर तिने काय केले असते? चित्रपटाने हे प्रश्न विचारले नाहीत. नवरात्रात आपण मातीत धान्य पेरून घट बसवतो आणि नऊ दिवस त्या कोंबांना जपतो. त्या पूजेला बसणाऱ्या घरांनीच हे प्रश्न आता आपल्या लेखकांना विचारले पाहिजेत. सुभद्रेला झोप लागली असे सांगून चालणार नाही.