फिन लोक गोरे कधी झाले?

१९०८ साली अमेरिकेतल्या मिनेसोटात फिनलंडहून आलेल्या जॉन स्वान यांच्या नागरिकत्वाला सरकारी वकिलाने हरकत घेतली. कारण? फिन लोक 'मंगोल' आहेत. तेव्हाच्या कायद्याने बाहेरून आलेल्यांपैकी फक्त 'गोऱ्या' आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांनाच नागरिकत्व मिळे. आदल्याच वर्षी तिथल्या लोखंडाच्या खाणींत मोठा संप झाला होता आणि फिन मजूर त्यात पुढे होते.

हा शिक्का जुना होता. जर्मनीच्या ब्लूमेनबाखने १७९५ मध्ये माणसांचे पाच प्रकार पाडले, आणि फिन लोकांना मंगोल प्रकारात टाकलं. पुढे मॅक्स म्युलरने तुर्की, फिनिश आणि आपल्याकडच्या द्राविडी भाषासुद्धा 'तुराणी' नावाच्या एकाच पोत्यात भरल्या. भाषेवरून रक्त ओळखायची तेव्हा सवयच होती.

न्यायाधीश विल्यम कँट यांचा निकाल वाचताना आधी बरं वाटतं. स्वान जिंकले. पण युक्तिवाद बघा: फिन लोक मुळात मंगोल असतीलही, पण सरमिसळ होऊन आता ते युरोपातल्या सर्वांत गोऱ्या लोकांपैकी आहेत. म्हणजे नोंद बदलली, रकाना तसाच ठेवला. आम्ही कोड लिहिणारे याला पॅच म्हणतो. बग आतच राहतो.

१९२३ मध्ये तो भगतसिंग थिंद यांना नडला (क्रांतिकारक भगतसिंग वेगळे). पंजाबातून गेलेल्या थिंद यांनी वंशशास्त्राचाच आधार घेतला: उत्तर भारतीय 'कॉकेशियन' ठरतात. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा. शास्त्र स्वान यांच्या विरोधात होतं, ते आत गेले. थिंद यांच्या बाजूने होतं, तरी त्यांचं नागरिकत्व गेलं.

आजचं जनुकशास्त्र काय सांगतं? फिन लोकांत सायबेरियाकडून आलेला वारसा खरंच आहे, पण थोडा. हंगेरियन भाषा फिनिशसारखीच उरल कुळातली, पण ती बोलणाऱ्यांची जनुकं शेजारच्या देशांसारखी. तुर्कस्तानातले लोक आणि सायबेरियातले याकूत एकाच भाषाकुळातले, पण पूर्वज बरेच वेगळे. भाषा राज्यकर्त्यांकडून, शेजाऱ्यांकडून, सासरहूनही येते.

आता डीएनए चाचणीचा अहवाल फोनवर रंगीत टक्केवारीत येतो. मी आकड्यांआधी रकान्यांची नावं वाचतो. तीही कुणीतरी ठरवलेली असतात.