वेशीबाहेरची शाळा : ‘वेन्सडे’ या दूरचित्रमालिकेचा परामर्श

आमच्या मंडळ्यांतील तरुणतरुणी ज्या परदेशी दूरचित्रमालिका आवडीने पाहतात, त्यांत ‘वेन्सडे’ हिचे नाव वारंवार कानी येते. पाळक व धर्मशिक्षक या मालिकेविषयी आम्हांला जे विचारतात, ते बहुधा एकाच स्वरूपाचे असते : हिच्यात चेटूक आहे, मृतांशी संभाषण आहे, लांडग्याचे रूप घेणारी मुले आहेत, तेव्हा आपल्या मुलांनी ती पाहावी काय? प्रश्न रास्त आहे. तथापि एका तरुणसंघाच्या सभेत एका मुलीने आम्हांला जे विचारले, ते याहून पुष्कळ अवघड होते. ती म्हणाली, “पाळकसाहेब, त्या गोष्टीतला माणसांना जाळणारा तो देवभक्त, तो आपल्यातलाच ना?” त्या वेळी आम्हांला समर्पक उत्तर देता आले नाही. प्रस्तुत लेख हा त्या उत्तराचा प्रयत्न आहे.

प्रथम मालिकेची ओळख. चार्ल्स ॲडम्स या व्यंगचित्रकाराने १९३८ पासून ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकात एका विक्षिप्त, स्मशानप्रिय कुटुंबाची चित्रे काढली. त्या कुटुंबावर १९६४ साली एक मालिका आणि पुढे १९९१ व १९९३ साली चित्रपट निघाले. त्यातील अबोल, काळे कपडे घालणारी मुलगी वेन्सडे हिला नायिका करून आल्फ्रेड गॉफ व माइल्स मिलर यांनी नवी मालिका रचली. तिचे पहिले आठ भाग २०२२ च्या नोव्हेंबरात नेटफ्लिक्सवर आले. त्यांपैकी चार भागांचे दिग्दर्शन टिम बर्टन यांचे आहे. दुसरे सत्र २०२५ च्या ऑगस्ट व सप्टेंबर महिन्यांत दोन हप्त्यांनी प्रसिद्ध झाले. आम्ही येथे मुख्यतः पहिल्या सत्राचा विचार करीत आहोत, कारण कथेचा नैतिक पाया त्यातच घातलेला आहे.

व्हरमाँट राज्यातील जेरिको नावाच्या गावाजवळ ‘नेव्हरमोर’ ही निवासी शाळा आहे. तेथे बहिष्कृत म्हणवली जाणारी मुले शिकतात : कोणी लांडगा होतो, कोणी आवाजाने दुसऱ्याचे मन वळवतो, कोणी मधमाश्यांना वश करतो. गावकरी या मुलांकडे संशयाने पाहतात; शाळेच्या पैशावर मात्र गावाचा संसार चालतो. गावाला अभिमान आहे तो आपल्या संस्थापकाचा, जोसेफ क्रॅकस्टोन या यात्रेकरू पूर्वजाचा. चौकात त्याच्या पुतळ्याचे अनावरण होते. परंतु वेन्सडेला दृष्टान्तात दिसते ते निराळेच. १६२५ साली याच माणसाने बहिष्कृतांना सभागृहात कोंडून आग लावली होती. पुढे उघड होते की शाळेतली गोड बोलणारी शिक्षिका ही क्रॅकस्टोनची वंशज असून, टायलर या गावातील मुलाच्या ठिकाणी सुप्त असलेला ‘हाईड’ नावाचा राक्षस जागा करून तिने त्याच्या हातून हत्या करविल्या आहेत, आणि शेवटी ती रक्ताच्या विधीने क्रॅकस्टोनला थडग्यातून उठविते.

चेटकाविषयी थोडक्यात लिहितो. अनुवादाच्या अठराव्या अध्यायातील निषेध आम्हांला मान्य आहे, आणि एन-दोर येथील स्त्रीकडे गेलेल्या शौलाची गती आमच्या वाचकांना सांगावयास नको. वेन्सडे आपल्या मृत पूर्वजेकडून मार्गदर्शन घेते. मुलांशी बोलताना या गोष्टीवर पांघरूण घालू नये. परंतु या मालिकेत अद्‌भुत शक्ती ही बहुतांशी जन्माने आलेली शरीराची खूण आहे, आराधना नव्हे. आणि मृताला उठविण्याचा जो खरा विधी आहे, तो कथेनेच सर्वांत मोठे पाप म्हणून दाखविला आहे. आमच्या अनुभवात मुले ही मालिका पाहून मंत्र शिकावयास निघत नाहीत. ती विचारतात की आम्ही जसे आहो तसे आम्हांला कोठे जागा आहे काय. तेव्हा चेटकापाशीच थांबणारा उपदेशक मुलांच्या खऱ्या प्रश्नापर्यंत पोहोचतच नाही.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू. मालिकेचा इतिहास काटेकोर नाही, हे आधी नोंदविले पाहिजे. यात्रेकरू प्लिमथला उतरले १६२० मध्ये. व्हरमाँटच्या भूमीवर इंग्रजांची पहिली कायम वसाहत झाली ती १७२४ मध्ये. न्यू इंग्लंडात चेटकाच्या आरोपाखाली कोणाला जाळल्याचा दाखला नाही. १६९२ च्या सेलम येथील खटल्यांत १९ जणांना फाशी दिले गेले आणि जाइल्स कोरी या वृद्धाला दगडांखाली दडपून मारले. पण एवढे सांगून आपण सुटलो, असे कोणी समजू नये. चितेऐवजी फास होता, हा बचाव होऊ शकत नाही. मेरी डायर या क्वेकर स्त्रीला १६६० साली बॉस्टनमध्ये फाशी झाली, ती तिने निराळ्या रीतीने ख्रिस्ताला मानले म्हणून. क्रॅकस्टोन कल्पित आहे. त्याची जात कल्पित नाही.

याहून जवळचा एक दाखला आहे. १८१० मध्ये स्थापन झालेल्या, आणि मुख्यत्वे प्यूरिटन परंपरेतील काँग्रिगेशनल मंडळ्यांचा आधार असलेल्या अमेरिकन बोर्डाने १८१७ साली कनेटिकट राज्यातील कॉर्नवॉल या खेड्यात एक निवासी शाळा उघडली. हवाई बेटांतील व अमेरिकेच्या मूळ रहिवाशांची मुले तेथे शिकत. गावाने त्यांचे कौतुक केले. मुलांची स्तोत्रे ऐकून लोक गहिवरत. परंतु चेरोकी जमातीतील एलायस बूडिनॉट या विद्यार्थ्याने हॅरिएट गोल्ड या गावच्या मुलीशी विवाह ठरविला, तेव्हा १८२५ च्या उन्हाळ्यात त्याच ख्रिस्ती गावात त्या दोघांच्या प्रतिमा जाळण्यात आल्या, आणि त्या आगीत तिचा सख्खा भाऊ पुढे होता. शाळा त्यानंतर लवकरच बंद पडली. नेव्हरमोर आणि जेरिको ही नावे बनावट असली तरी गोष्ट अशा रीतीने घडून गेलेली आहे.

हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण त्याच अमेरिकन बोर्डाचे गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट १८१३ साली मुंबईस उतरले आणि १८३१ मध्ये अहमदनगरला त्यांच्या मराठी मिशनचे कार्य सुरू झाले. अनेक मराठी ख्रिस्ती घराण्यांना शुभवर्तमान मिळाले ते याच वाटेने. ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवले होते, त्यांच्या मुलांसाठी याच परंपरेने बोर्डिंगे काढली. एकाच घरातून आग आली आणि आसराही आला. तेव्हा ‘तो आपल्यातलाच ना?’ या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर एकच आहे : होय.

असा आरोप मान्य केल्यावरच मालिकेतील उणिवा दाखविण्याचा अधिकार आपल्याला येतो. पहिली उणीव ‘बहिष्कृत’ या शब्दाची आहे. मराठीत हा शब्द शोभेचा नाही. डॉ. आंबेडकरांनी १९२७ साली आपल्या पाक्षिकाच्या नावात तो घातला, तेव्हा त्याच्यामागे पाण्यावाचून राहिलेली माणसे उभी होती. नेव्हरमोरमधील बहिष्कृत हे किल्ल्यासारख्या इमारतीत राहतात, त्यांचे पालक मोटारींतून येतात, आणि प्रत्येकाजवळ काही ना काही चमत्कारिक गुण असतो. ज्याच्यापाशी कोणतीच शक्ती नाही असे मूल या शाळेत शोभत नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून ज्या मुली केडगावास आणल्या, त्यांच्याजवळ दाखविण्यासारखे काय होते? अस्थिपंजर देह आणि भूक. ज्या आसऱ्याला गुणांची पात्रता लागते, तो आसरा मर्यादित होय; कृपा या शब्दाचा अर्थ त्याला अजून कळावयाचा आहे.

मालिकेला स्वतःलाही याची अंधूक जाणीव आहे, असे वाटते. कारण या बहिष्कृतांच्या शाळेतही एका जातीला मज्जाव आहे, ती म्हणजे हाईड. टायलरची आई नेव्हरमोरची विद्यार्थिनी होती आणि हाईड होती. तिच्या मुलाला जर कोणी वेळीच सांभाळले असते, तर ती कपटी शिक्षिका त्याची धनीण झाली असती काय? वेशीबाहेर टाकलेल्यांनीही स्वतःची एक वेस घालून घेतली, हे कथेतील सर्वांत खरे निरीक्षण आहे. पण पहिले सत्र त्याच्याशी झुंज देत नाही; ते टायलरला साखळदंडात घालून पाठवून देते. गरसेकरांच्या प्रांतातील त्या माणसालाही लोकांनी साखळ्यांनीच बांधले होते. येशू त्याच्याकडे गेला आणि त्याने त्याला त्याचे नाव विचारले. टायलरला कोणी असे विचारीत नाही.

दुसरी उणीव हिच्याशी जोडलेलीच आहे. क्रॅकस्टोनने माणसे जाळली. वेन्सडे त्याचा पुतळा जाळते, आणि तो जळत असता ती शांतपणे सेलो वाजवीत बसते. अखेर क्रॅकस्टोनच्या हृदयात ती तरवार खुपसते व त्याची राख होते. आगीला उत्तर आग, एवढाच हिशेब येथे आहे. पुतळा जळताना पाहणाऱ्या मुलांना जो आनंद होतो, तो आम्ही समजू शकतो. खोट्या सन्मानाचा भंग व्हावयासच हवा. परंतु पुतळा जळल्याने जेरिकोतील एकाही घराचे मन पालटत नाही. गुन्हा उघड करणे या मालिकेला येते. गुन्हेगाराच्या वारसांनी पुढे काय करावे, हे तिला ठाऊक नाही.

तरीही तिच्या पदरात दोन प्रसंगांचे श्रेय निःसंकोच घातले पाहिजे. वेन्सडेची खोलीसोबतीण एनिड ही लांडग्याच्या कुळातली असून तिचे रूपांतर कधी झालेले नाही. आईच्या दृष्टीने ती अपुरी ठरली आहे. मैत्रिणीचा जीव धोक्यात येतो तेव्हाच तिच्यातील शक्ती जागी होते, आणि जखमी होऊन ती परतते तेव्हा आलिंगनाचा तिटकारा असलेली वेन्सडे तिला मिठीत घेते. दुसरा प्रसंग मरणाचा. वेन्सडे घाव लागून पडलेली असता तिची पूर्वजा गुडी स्वतः नाहीशी होऊन तिला जीवन देते. एकाच रात्री या कथेत मरणावर दोन प्रकारे मात केली जाते : क्रॅकस्टोन उठतो तो दुसऱ्याचे रक्त घेऊन; वेन्सडे उठते ती दुसऱ्याने स्वतःला दिल्यामुळे. लेखकांच्या मनात ख्रिस्ती सिद्धांत होता असे आमचे म्हणणे नाही. परंतु आत्मदानाशिवाय मरणावर खरा विजय नाही, ही गोष्ट चर्चला खलनायक करणाऱ्या कथेलाही टाळता आली नाही, हे धर्मशिक्षकाने वर्गात अवश्य दाखवावे.

जे मालिकेत नाही, ते मात्र इतिहासात आहे. सेलमच्या न्यायाधीशांपैकी सॅम्युएल सीवॉल याने १६९७ च्या जानेवारीत, प्रांतभर पाळलेल्या उपवासाच्या दिवशी, बॉस्टनच्या प्रार्थनामंदिरात आपल्या पाळकाच्या हाती एक चिठ्ठी दिली. ती वाचली जात असता तो सर्वांसमक्ष उभा राहिला. तीत त्याने सेलमच्या दोषाचा ठपका व त्याची लाज स्वतःवर घेतली होती. ॲन पुटनम हिने लहानपणी अनेकांवर आरोप केले होते. १७०६ साली तिचीही कबुली सेलम व्हिलेजच्या मंडळीपुढे वाचण्यात आली. मेलेले त्याने परत आले नाहीत. परंतु क्रॅकस्टोनच्या वंशातील माणसाला त्याच्या शिक्षिकेसारखे थडगे उकरण्याखेरीज दुसरीही एक वाट आहे, हे त्या दिवशी सिद्ध झाले. मंडळीपुढे उभे राहण्याची ती वाट जेरिकोला कोणी दाखविली नाही. आपल्या तरुणांना ती आपण दाखवू शकतो.

म्हणून आमची सूचना अशी. ज्या पाळकांच्या तरुणसंघात ही मालिका पाहिली जाते, त्यांनी तिच्यावर बंदीचे पत्रक काढण्यापूर्वी मुलांसमवेत तिसरा व आठवा भाग पाहावा. नंतर एकच विचारावे : आपल्या मंडळीत हाईड कोण आहे? कोणत्या घरच्या मुलाला आपण बाकावर शेजारी बसू देत नाही, कोणाच्या विवाहाने आपल्यात कॉर्नवॉलसारखी आग पेटते? उत्तर देताना प्रथम वडीलमंडळींनी बोलावे, मुलांनी मागाहून.

जेरिको हे नाव लेखकांनी कशासाठी घेतले असेल ते असो; पवित्र शास्त्राच्या वाचकाला ते नाव ऐकताच यरीहो आठवते. तेथे तट पडला तेव्हा वाचली ती राहाब, जिचे नाव घ्यावयास लोक लाजत. तेथेच आंधळा बार्तीमय वाटेच्या कडेला बसला होता व लोक त्याला गप्प राहा म्हणून दटावीत होते. तेथेच जक्कय झाडावर चढला होता. येशू दोघांसाठी थांबला. ज्याने स्वतः वेशीबाहेर मरण सोसले, त्याची खरी शाळा वेशीबाहेरच भरते. त्या मुलीला आता आम्ही एवढेच सांगू : बाळ, तो माणूस आपल्यातलाच होता, पण त्याने ज्यांना कोंडले, त्यांच्यामध्येच आपला प्रभू होता. आपण कोठे उभे राहावयाचे, ते आता आपल्याला ठरवावयाचे आहे.