गझालींचे निषेध-प्रकरण

सत्कर्माची आज्ञा व दुष्कर्माचा निषेध या इस्लामी कर्तव्यावर इमाम गझाली (मृत्यू इ. स. ११११) यांनी 'इह्या उलूम अल्-दीन' या ग्रंथात लिहिलेले प्रकरण आपल्या पाळकांनी अवश्य अभ्यासावे. हे कर्तव्य म्हणजे निव्वळ सक्ती, अशी आपल्यात रूढ असलेली समजूत त्याच्या वाचनानंतर टिकत नाही.

गझालींनी निषेधाच्या पायऱ्या लावल्या आहेत. अजाण माणसास प्रथम समजावावे, मग उपदेश, मग कठोर शब्द. हाताने प्रतिकार त्यानंतर. पुत्राने पित्यास सौम्यपणे सांगावे. पित्याचे मद्य ओतून टाकण्याची त्यास मुभा आहे, हात उगारण्याची नाही. खलीफा उमर यांची कथा तर मार्मिक आहे. भिंत चढून ते एका घरात शिरले व पाप्यास बोल लावू लागले. तो म्हणाला की, माझा अपराध एक, आपले तीन: आपण पाळत ठेवली, दाराने आला नाहीत, सलामही केला नाही. उमरांनी त्यास पश्चात्तापाची अट घालून सोडले. बंधूचा दोष एकांती दाखवावा, हा मत्तयाच्या १८ व्या अध्यायातील नियम येथे सहज आठवतो.

मात्र अखेरच्या पायरीवर गझालींचे प्रतिपादन लंगडे पडते. सशस्त्र साथीदार जमविण्यास राज्यकर्त्याची अनुज्ञा त्यांना अनिवार्य वाटत नाही. निषेधातून अधिक मोठा अनर्थ ओढवू नये, ही अट त्यांनी घातली आहे खरी. परंतु तो ओढवेल की नाही हे ठरविणारा पुन्हा निषेध करणाराच.