कावळा, फांदी आणि सत्तावीस ज्योतिषी

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली, असे आपण म्हणतो तेव्हा एका पक्क्या युक्तिवादाचा सारांशच सांगत असतो. संस्कृतात यालाच काकतालीय न्याय म्हणतात. गंमत अशी, की ही म्हण आपण नेहमी दुसऱ्याच्या युक्तिवादाला लावतो. आपला स्वतःचा कावळा मात्र फांदी मोडण्याइतका जड असतो.

संभाव्यताशास्त्राचा रोजच्या बोलण्याशी संबंध येतो तो इथे. थॉमस बेझ या इंग्रज धर्मोपदेशकाचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर, १७६३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातून पुढे वाढलेल्या विचाराचा गाभा गणिताशिवायही सांगता येतो. पुरावा माझ्या म्हणण्याशी जुळतो, एवढ्याने भागत नाही. माझे म्हणणे खोटे असते तरी तोच पुरावा कितपत दिसला असता, हे विचारावे लागते. दोन्हीकडे तो सारखाच दिसणार असेल तर त्याचे वजन शून्य.

ओरोसला जुलै महिन्यात कुणी ‘उद्या पाऊस’ असे सांगितले आणि तो पडला, तर सांगणाऱ्याला वेधशाळेत बसवण्याचे कारण नाही. डोळे मिटून रोज तेच सांगणाराही बहुतेक दिवस बरोबर ठरेल. जानेवारीतला नेमका दिवस सांगून पाऊस आला, तर मात्र कान टवकारावेत. नवसाचे प्रकरण अधिक नाजूक. जत्रेत नवस फेडायला आलेल्यांपैकी कुणालाही विचारा, त्याचा नवस पावलेलाच असतो. न पावलेला फेडायला येईल कशाला? सिसेरोने डायागोरस या नास्तिकाची गोष्ट नोंदवली आहे. वादळातून वाचलेल्यांनी देवळात वाहिलेली चित्रे दाखवून मित्राने त्याला विचारले, आता तरी पटले ना? त्यावर तो म्हणाला, बुडालेल्यांची चित्रे कुठेच दिसत नाहीत. मालवणच्या किनाऱ्यावर हे उत्तर कुणाला समजावून सांगावे लागणार नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न आकड्यांत उतरला तो २००८ साली पुण्यात. जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची एक चाचणी घेतली. शंभर हुशार विद्यार्थ्यांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या कुंडल्या जमवल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या चाळीस पाठवल्या आणि कोणती कुंडली कोणत्या गटातली ते सांगायला सांगितले. अट अशी की किमान २८ बरोबर यावीत. २७ जणांनी उत्तरे पाठवली. सरासरी यश ४६ टक्के, आणि सर्वांत चांगली कामगिरी ४० पैकी २४.

हा २४ चा आकडा थांबून पाहण्यासारखा आहे. निम्म्याहून चार जास्त! त्या गृहस्थांच्या यजमानांना तो नक्कीच पुरावा वाटेल. पण २७ जणांनी नुसते नाणे उडवून उत्तरे लिहिली असती, तरी २४ किंवा अधिक गुणांचे तीन-चार जण हिशेबाने निघायला हवेत. म्हणजे सर्वांत यशस्वी ज्योतिषीसुद्धा नशिबाने मिळाले असते त्यापलीकडे गेला नाही.

चाचणी मला पटते, तरी तिच्या २८ च्या उंबरठ्याबद्दल एक बोलायला हवे. नाणे उडवणारा एकटा माणूस तो ओलांडेल अशी शक्यता एक टक्क्याहूनही कमी. म्हणून अट कडक वाटते. पण असे २७ जण असतील, तर त्यांतला निदान एकजण निव्वळ योगायोगाने पार होण्याची शक्यता पाचात एक इतकी होते. तसे घडले असते तर बातमीत तो एकटाच उरला असता, बाकीचे २६ बुडालेल्यांच्या चित्रांसारखे गायब. अशा वेळी त्या एकाची नव्या कुंडल्यांवर दुसरी फेरी घेणे हाच मार्ग.

‘बुद्धी सांगणे हा कुंडलीचा विषयच नाही’ हा यावरचा आक्षेप मी उडवून लावणार नाही. विवाहयोगाबद्दल ही चाचणी काहीच सांगत नाही, आणि तिच्यावरून अख्खे शास्त्र निकालात निघाले असे म्हणणारे उत्साही लोकही घाईच करतात. फक्त आक्षेप घेणाऱ्याने कोणते भाकीत चुकले तर हार मानणार, ते आधी सांगावे. काहीही घडले तरी जुळणाऱ्या भाकिताला घडलेल्या कशाचाच आधार मिळत नाही.

आमच्याकडच्या कौलाला मात्र मी या रांगेत बसवत नाही. आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेची तारीख कौल घेऊन ठरते. तिथे कौल काही सिद्ध करत नाही, निर्णय देतो. आणि मानकऱ्यांपैकी कुणाचीच मर्जी न चालता निर्णय व्हावा, यासाठी तो उत्तम आहे. नाणेफेकीला कुणी खोटे म्हणत नाही. घरातल्या आजारपणाचे कारण विचारायला कौल लावला की तोच युक्तिवाद बनतो. मग विचारावेच लागते, की डावा पडला असता तर उठून घरी गेलो असतो, की शब्द फिरवून पुन्हा लावला असता?