‘क्वीन’ची गाणी कशामुळे टिकली?

परदेशी रॉक संगीत म्हटले की आमच्याकडे दोनच प्रतिक्रिया उमटतात. एक तर सारा गोंगाट म्हणून कानावर हात ठेवायचे, नाही तर पोराटोरांचे खूळ म्हणून दुर्लक्ष करायचे. गझल, कव्वाली, नाट्यसंगीत, लावणी यांच्याबद्दल आम्ही रकानेच्या रकाने लिहितो. मात्र जे गाणे आमच्या घरातली मुले गेली चार-पाच दशके ऐकत आली, त्याची साहित्याच्या अंगाने विचारपूस करावी असे आम्हाला सहसा वाटत नाही. ‘क्वीन’ या ब्रिटिश बँडच्या निमित्ताने ती विचारपूस येथे करायची आहे. या बँडच्या मुख्य गायकाचे शालेय शिक्षण आपल्या पाचगणीत झाले, एवढ्यावरून त्याला ‘आपला’ ठरवण्याचा आमचा इरादा नाही. उलट, कलावंताला असे ‘आपला’ ठरवण्याच्या सवयीबद्दलही दोन शब्द बोलायचे आहेत.

आधी हकीकत पाहू. १९७० साली लंडनमध्ये फ्रेडी मर्क्युरी, ब्रायन मे आणि रॉजर टेलर एकत्र आले. १९७१ मध्ये बेस गिटार वाजवणारा जॉन डीकन त्यांना मिळाला आणि चौकडी पूर्ण झाली. पहिला अल्बम १९७३ चा. मर्क्युरीचे निधन २४ नोव्हेंबर १९९१ रोजी झाले. म्हणजे मूळ चौघांचा बँड जेमतेम वीस वर्षे चालला. त्यांचा १९८१ मधील ‘ग्रेटेस्ट हिट्स’ हा संग्रह मात्र पुढची चाळीस वर्षे खपत राहिला आणि २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये सत्तर लाखांचा टप्पा ओलांडणारा तो पहिला अल्बम ठरला. बँड वीस वर्षांचा आणि मागणी पन्नास वर्षांची, हे गणित केवळ जाहिरातबाजीने सुटत नाही.

पहिले कारण बँडच्या घडणीत आहे. बहुतेक बँडमध्ये एक-दोघे लिहितात आणि उरलेले साथ देतात. ‘क्वीन’मध्ये चौघेही गीतकार-संगीतकार होते आणि चौघांचीही गाणी गाजली. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ मर्क्युरीचे, ‘वुई विल रॉक यू’ ब्रायन मेचे, ‘रेडिओ गा गा’ रॉजर टेलरचे, तर ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ अबोल समजल्या जाणाऱ्या डीकनचे. ब्रायन मे हा मुळात खगोलभौतिकीचा विद्यार्थी. त्याने किशोरवयात वडिलांच्या मदतीने स्वतःची गिटार बनवली. तिच्या दांड्याला जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड वापरले. अर्धवट राहिलेली पीएच.डी. त्याने २००७ मध्ये पूर्ण केली. चार वेगळ्या स्वभावांची माणसे एका छपराखाली राहिली की घरात भांडणे होतात, पण जेवणात एकसुरीपणा येत नाही. म्हणूनच ‘क्वीन’चा एक साचा सांगता येत नाही. ऑपेरा, हार्ड रॉक, डिस्को, जुन्या वळणाचे रॉक अँड रोल, हे सारे त्यांनी केले. एकाला एक गाणे रुचले नाही, तर दुसरे त्याच्यासाठी होतेच.

दुसरे कारण समजून घ्यायचे तर ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’कडे वळावे लागते. हे गाणे ३१ ऑक्टोबर १९७५ रोजी बाजारात आले. लांबी ५ मिनिटे ५५ सेकंद. रेडिओवर इतके लांब गाणे चालणार नाही, असे जाणकार सांगत होते. त्यात धृपद नाही. आरंभी वाद्यांशिवाय समूहस्वर, मग पियानोवरची संथ कहाणी, मग गिटार, मग ऑपेराची नक्कल, मग दणदणीत रॉक आणि शेवटी पुन्हा शांतता. ऑपेराच्या भागासाठी मर्क्युरी, मे आणि टेलर या तिघांनीच आपले आवाज टेपवर पुन्हा पुन्हा चढवले आणि शंभराहून अधिक थर देऊन मोठ्या गायकवृंदाचा भास उभा केला. एवढी मेहनत करून सांगितलेली कहाणी तरी काय? एका तरुणाच्या हातून खून झाला आहे, तो आईला ते सांगतो आहे, आणि त्याच्या सुटकेवरून कुठल्याशा अज्ञात न्यायसभेत कोलाहल माजला आहे. खून कुणाचा, का, निकाल काय, हे कवी सांगत नाही. मर्क्युरीनेही अखेरपर्यंत अर्थ उलगडून दिला नाही. ब्रिटनमध्ये हे गाणे नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले आणि त्याच्या मृत्यूनंतर १९९१ मध्ये पुन्हा तेथे पोचले. २०२२ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्याच्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत त्याचा समावेश केला.

या कोलाहलात इटालियन विदूषक येतो, गॅलिलिओ येतो, सैतान येतो आणि ‘बिस्मिल्ला’ हा शब्दही येतो. आमच्या वाचकाला येथे थबकावेसे वाटणे साहजिक आहे. या शब्दाने आमच्याकडे कामाचा, जेवणाचा, पाटीवरच्या पहिल्या अक्षराचा आरंभ होतो. गाण्यात तो ऐन निवाड्याच्या क्षणी येतो, आणि तोही आरोपीच्या नव्हे, तर त्याला सोडायला नकार देणाऱ्या समूहाच्या तोंडी. २००४ मध्ये इराणमध्ये ‘क्वीन’च्या निवडक गाण्यांची कॅसेट सरकारी परवानगीने निघाली, तेव्हा काही प्रेमगीते वगळण्यात आली आणि सोबत गाण्यांचा अर्थ सांगणारी पुस्तिका देण्यात आली. त्या पुस्तिकेने या गाण्याची कथा अशी लावली की, सैतानाला आत्मा विकलेला तरुण फाशीच्या आदल्या रात्री ‘बिस्मिल्ला’ म्हणून परमेश्वराला हाक मारतो आणि त्याचा आत्मा त्याला परत मिळतो. संहितेच्या काटेकोर वाचनाने हा अर्थ निघत नाही. नकार देणाऱ्यांचा शब्द पुस्तिकेने नकार सोसणाऱ्याच्या ओठी घातला. पण आम्हाला हे चुकीचे वाचनही अर्थपूर्ण वाटते. परवानगी मिळावी म्हणून का होईना, कुणीतरी त्या गाण्यात तौबा आणि माफी शोधली, आणि गाण्याने तेवढी जागा दिली. ज्या रचनेत ऐकणाऱ्याला आपले दुःख ठेवायला कोनाडा असतो, ती रचना देशोदेशी फिरते. गालिबच्या शेराबद्दल आम्ही हेच म्हणत नाही काय?

मात्र म्हणून सगळेच डोक्यावर घ्यायचे कारण नाही. १९७८ च्या ‘जाझ’ या अल्बममधले पहिलेच गाणे ‘मुस्तफा’. त्यात अरबी वळणाचे शब्द, इंग्रजीचे तुकडे आणि निव्वळ बनावट अक्षरे यांची खिचडी आहे. चाल झकास आहे, आवाज थक्क करणारा आहे. पण तेथे पूर्वेकडची भाषा केवळ नाद म्हणून, सजावट म्हणून आली आहे. ‘ऱ्हॅप्सडी’त ‘बिस्मिल्ला’ कथेचे काम करतो. ‘मुस्तफा’त पवित्र शब्द नक्षीकामाला लावले आहेत. दोन्हींतला फरक आम्ही दाखवला पाहिजे. आमचे शब्द परक्याने वापरले म्हणून हरखून जाणे आणि वापरले म्हणून भडकणे, दोन्ही समीक्षेच्या कामाचे नाही.

तिसरे कारण श्रोत्यांच्या सहभागाचे. १९७७ मध्ये एका मैफलीनंतर श्रोते आपणहून गाऊ लागले. ते ऐकून, दाटीवाटीने उभ्या असलेल्या लोकांना गाण्यात कसे सामील करून घेता येईल याचा विचार ब्रायन मेने केला. पाय आपटता येतील, टाळी वाजवता येईल, गाता येईल! त्यातून ‘वुई विल रॉक यू’ जन्मले. दोन ठोके पायाचे, एक टाळी, एवढाच त्याचा ताल. ढोलताशा नाही, बेस नाही. गिटार येते ती अखेरीस. शाहिराच्या मागे झीलकरी असतात, कव्वालाच्या मागे टाळी देणारे हमनवा असतात. ‘क्वीन’ने अख्ख्या मैदानालाच झीलकरी केले. या परंपरांचा त्यांच्यावर प्रभाव होता असा आमचा दावा नाही. माणसाला ऐकता ऐकता सामीलही व्हायचे असते, ही गरज सर्वत्र सारखी असते, इतकेच आम्ही म्हणतो.

याच सहभागावर मोठा आक्षेपही आला. ‘जाझ’चे परीक्षण करताना ‘रोलिंग स्टोन’च्या डेव्ह मार्श या समीक्षकाने या बँडला फॅसिस्ट म्हणण्यापर्यंत मजल मारली. हजारो माणसे एकाच तालावर हात उंचावतात, हे दृश्य भयावह वाटू शकते, हे आम्हाला नाकबूल नाही. एका सुरात दिलेल्या घोषणांनी काय होते, हे आमच्या मोहल्ल्यांनी पाहिले आहे. पण जमाव आणि मैफल यांत भेद आहे. जमावाला शत्रू लागतो. त्याच्याशिवाय घोषणा पुरी होत नाही. १३ जुलै १९८५ रोजी वेम्बली मैदानात, इथिओपियाच्या दुष्काळग्रस्तांसाठी झालेल्या ‘लाइव्ह एड’मध्ये, ‘क्वीन’ने जेमतेम एकवीस मिनिटे गायले. लख्ख उजेड होता, रोषणाईची सोय नव्हती. मर्क्युरी एक तान घेई आणि सत्तर हजार लोक ती परत करत. त्या तानेला शब्द नव्हते, म्हणून शत्रूही नव्हता. पुढच्या वर्षी बुडापेस्टला त्याने हंगेरीचे एक लोकगीत तळहातावर शब्द लिहून घेऊन गायले. श्रोत्यांना आपल्यामागे गायला लावणारा गायक तेथे स्वतः त्यांच्या मागे गेला. हुकूमशहा असे करत नाही.

आता नावाची गोष्ट. फ्रेडी मर्क्युरी म्हणजे फारुख बलसारा. जन्म ५ सप्टेंबर १९४६, झांझिबार. पारशी कुटुंब, वडील ब्रिटिश सरकारच्या नोकरीत. आठव्या वर्षाच्या सुमारास मुलाला सातारा जिल्ह्यातील पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत पाठवले गेले. तेथेच तो ‘फ्रेडी’ झाला आणि ‘द हेक्टिक्स’ नावाचा पोरसवदा बँड त्याने मित्रांसोबत काढला. १९६४ च्या क्रांतीत झांझिबारची सल्तनत उलथली, अरब आणि हिंदी वस्तीवर हल्ले झाले आणि हे कुटुंब इंग्लंडला निघून गेले. पुढे फारुख बलसारा हे नाव जगाला ठाऊक होऊ नये अशीच त्याने वागणूक ठेवली. आपल्या मुळाविषयी तो फार क्वचित बोलला.

युसुफ खानचा दिलीपकुमार, महजबीनची मीनाकुमारी, मुमताज जहानची मधुबाला झालेली पाहणाऱ्या समाजाला याचा अर्थ वेगळा समजावून द्यायला नको. नाव बदलणे हा कधी हौसेचा भाग असतो, कधी धंद्याची गरज, कधी दारावर अडवले जाण्याची भीती. मर्क्युरीच्या बाबतीत नेमके काय होते, याचा निवाडा आम्ही करू नये. पण एवढे दिसते की नाव झाकणाऱ्या माणसाने आवाज कधी झाकला नाही. त्याच्या अंत्यविधीत मात्र पारशी दस्तुरांनी प्रार्थना केल्या. जाताना तो आपल्या नावाने गेला.

मृत्यूनंतर मात्र ओढाताण सुरू झाली. पाचगणी म्हणते आमचा, पारशी म्हणतात आमचा, लंडन तर म्हणतेच. ज्या झांझिबारमध्ये तो जन्मला, तेथे २००६ मध्ये त्याच्या साठाव्या जन्मदिनाचा सोहळा एका धार्मिक संघटनेच्या विरोधामुळे रद्द झाला. त्याच्या खाजगी जीवनाला तिचा आक्षेप होता. कीर्ती हवी तर ‘आपला’, जीवन नको तर ‘परका’, ही वृत्ती काही एकाच बेटाची नाही. आम्हीही आमच्या कलावंतांशी असेच वागत आलो आहोत.

‘क्वीन’चे अपयशही सांगितले पाहिजे. १९८४ मध्ये जग वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेवर सांस्कृतिक बहिष्कार टाकत असताना हे लोक सन सिटीत जाऊन गायले. आम्ही राजकारणात नाही, असे समर्थन त्यांनी दिले. ब्रिटनमधील संगीतकारांच्या युनियनने त्यांना दंड केला, तो योग्यच होता. कलावंत राजकारणात नसला तरी त्याचे व्यासपीठ राजकारणात असते. २००३ मध्ये मंडेलांच्या एड्सविरोधी मोहिमेसाठी केपटाऊनला झालेल्या मैफलीत मे आणि टेलर पुढाकार घेऊन उभे राहिले. त्याने जुना हिशेब पुसला जातो असे नव्हे, पण नवे पान लिहिले जाते. मर्क्युरी स्वतः एड्सने गेला. निवेदन काढून त्याने आजार जाहीर केला तो मृत्यूच्या केवळ एक दिवस आधी. त्या काळी या रोगाला लागलेला कलंक ध्यानात घेतला, तर ते मौनही समजते आणि २० एप्रिल १९९२ च्या वेम्बलीतील स्मृतिमैफलीचे आणि त्याच्या नावाने उभ्या राहिलेल्या ट्रस्टच्या कामाचे मोलही समजते.

पुढच्या गायकांनी या गाण्यांतून बरेच काही उचलले. ‘मेटालिका’ने ‘स्टोन कोल्ड क्रेझी’ आपल्या ढंगात गाऊन ग्रॅमी मिळवले. लेडी गागाचे नावच ‘रेडिओ गा गा’वरून आले. २०१८ च्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ या चित्रपटाने नवी पिढी जोडली, इजिप्शियन वंशाच्या रामी मालेकला ऑस्कर मिळवून दिले. मात्र आजाराचा कालक्रम सोयीप्रमाणे मागे ओढून ‘लाइव्ह एड’पूर्वी आणला. खरा प्रसंग एवढा भरीव असताना ही कुबडी कशाला, असा प्रश्न पडतो.

आमचा निष्कर्ष थोडक्यात असा. ‘क्वीन’ची गाणी टिकली, कारण त्यांनी ऐकणाऱ्याकडे त्याचे नाव, गाव, मजहब विचारला नाही. अर्थाला कोनाडा ठेवला, तालाला टाळी ठेवली आणि गळ्याला तान ठेवली. ज्याला स्वतःचे नाव झाकावे लागले, त्याच्या गाण्यात कुणाला नाव सांगावे लागत नाही. मराठीत लिहिणाऱ्या, आणि नाव सांगताच ‘तुम्ही मराठी छान बोलता हो’ हे ऐकून घेणाऱ्या आमच्यासारख्यांना ही गोष्ट फार दूरची वाटू नये. असे गाणे, अशी कविता आमच्या भाषेत किती आहे, याचा हिशेब मांडायला हरकत नाही.