गालिबच्या घरातले गूढ

इब्ने सफी आणि बाबूराव अर्नाळकर आम्हाला एकाच घरात भेटले. देवळ्यासारख्या गावी राहून उर्दू शाळेत शिकवणाऱ्याला त्यात नवल वाटत नाही. पण खुद्द मिर्झा गालिब खुनाचा तपास करतो आहे, ही कल्पना मात्र प्रथम खटकलीच.

रझा मीर यांची 'मर्डर ॲट द मुशायरा' ही इंग्रजी कादंबरी २०२१ साली आली. दिल्ली, मे १८५७. मुशायऱ्याच्या रात्री एका शायराचा खून होतो आणि पोलीस अधिकारी गालिबकडे मदत मागायला येतो. इतिहास ठाऊक असलेल्या वाचकाला इथे हसू येईल. १८४७ मध्ये घरी जुगार चालवल्याबद्दल याच शहराच्या कोतवालाने गालिबला पकडले होते आणि त्यांना काही महिने तुरुंगात काढावे लागले होते. कालचा आरोपी आज तपासनीस! सोबतीला आहेत दिल्ली कॉलेजात गणित शिकवणारे मास्टर रामचंद्र. (आमच्या पेशाचा माणूस कादंबरीत बहुधा चेष्टेपुरता येतो, इथे तो कामाचा आहे.)

कादंबरी रंजक आहे, यात वाद नाही. आमची तक्रार वेगळी आहे. तपासकथेतल्या नायकाला शेवटी सारे उलगडून सांगावे लागते. खरे गालिब असे सांगणारे नव्हते. पेन्शनीसाठी कलकत्त्यापर्यंत खेटे घातलेला हा माणूस. १८५७ च्या धामधुमीवर त्यांनी 'दस्तंबू' हे फारसी पुस्तक लिहिले. १८५८ साली ते छापले तेही इंग्रजांची मर्जी सांभाळून. त्यात ते लिहितात की, आपला मनोरुग्ण धाकटा भाऊ मिर्झा यूसुफ ऑक्टोबर १८५७ मध्ये तापाने वारला. बाजारात कफनाला कापड मिळेना, घरातल्या चादरींत गुंडाळून शेजारच्या मशिदीच्या आवारात त्याला दफन केले. त्याच काळातले मुईनुद्दीन हसन खान यांचे म्हणणे निराळे आहे: यूसुफ गोऱ्यांच्या गोळीने गेला.

ताप की गोळी? भाऊ गेल्याचे दुःख गिळून गालिबनी खोटे लिहिले का? आमच्या मते खरी रहस्यकथा ही आहे, आणि तिच्यात गालिब तपासनीस नाहीत, घाबरलेले साक्षीदार आहेत. मीर यांनी कथानक मे महिन्यातच ठेवल्याने त्यांना या दारापर्यंत यावे लागले नाही. पुढचा भाग लिहिलाच, तर तो ऑक्टोबरपासून सुरू करावा. आणि उर्दू-मराठी दोन्ही जाणणाऱ्या कुणीतरी हा पहिला भाग तरी मराठीत आणावा.